दोन भागांत उभा ट्रॅक्टर : इंजिन, गिअरबॉक्स आणि अंगणातल्या दुरुस्तीचा इतिहास (धागा)

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधूच्या काठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. भोवतालचा परिसर कापूस, सोयाबीन आणि हळदीचा. जमीन काळी, मृगाच्या पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मुलखात ऐन पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचा क्लच निकामी झाला, की शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न उरतो : यंत्र तालुक्याला ओढत न्यायचे, की अंगणातच त्याचे दोन भाग करायचे?

‘दोन भाग करायचे’ हा शब्दप्रयोग अलंकारिक नाही. मोटारीचा गिअरबॉक्स काढला तरी मोटार आपल्या सांगाड्यावर उभी राहते. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला, की ट्रॅक्टर कमरेत दुभंगतो. हे असे का झाले, याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे.

आरंभीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना लोखंडी पट्ट्यांची स्वतंत्र चौकट असे. इंजिन तिच्यावर एका जागी, दंतचक्रांची पेटी दुसऱ्या जागी. १९१७ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या ‘फोर्डसन’चे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले आणि ही चौकटच गेली. इंजिनाचे बिडाचे कवच, त्यामागे गिअरबॉक्सचे कवच, त्यामागे मागच्या आसाचे कवच, असे तीन ओतीव भाग एकमेकांना बोल्टांनी आवळले. तोच ट्रॅक्टरचा कणा. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईला तोंड देणाऱ्या ब्रिटनने असे सहा हजार ट्रॅक्टर मागवले. यंत्र स्वस्त झाले, हलके झाले. पण क्लचची एक झिजलेली चकती बदलण्यासाठी कणा मधोमध सोडवणे भाग पडू लागले. कारखान्यात वाचलेल्या खर्चाचा एक हिस्सा अशा रीतीने शेतकऱ्याच्या अंगणात येऊन पडला.

हीच रचना पुढे १९४६ च्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये आली आणि तिच्या वारसांमार्फत भारतात रुजली. १९६० मध्ये मद्रास येथे ‘टाफे’ ही कंपनी स्थापन होऊन मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांचा देशी अध्याय सुरू झाला. १९६३ मध्ये महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ उभी राहिली. मुंबईच्या कांदिवलीतून निघालेला बी-२७५ हा तिचा प्रसिद्ध ट्रॅक्टर. पूर्व युरोपातून झेटर आणि उर्सस येत होतेच. १९७१ पासून एचएमटीने पिंजोर येथे झेटरच्या आराखड्यावर उत्पादन आरंभले. १९६१ साली देशभरात सुमारे ३१ हजार ट्रॅक्टर होते. पुढच्या दहा वर्षांत ही संख्या जवळपास पाचपट झाली.

या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. ब्रिटिश-अमेरिकी वळणाच्या यंत्रांचे बोल्ट इंची मापाचे, तर झेटर-उर्ससचे मिलिमीटरचे. गावच्या मिस्त्रीला (हा शब्दही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला) पान्यांचे दोन संच बाळगावे लागत. एका मापाचा पाना दुसऱ्या मापाच्या बोल्टवर नेटाने चालवला, तर बोल्टाचे कोपरे गोल होत आणि मग तो कशालाच दाद देत नसे. आपल्याकडील कृषी यांत्रिकीकरणाचा इतिहास विक्री, कर्ज आणि उत्पादनवाढ यांच्या तक्त्यांतून लिहिला गेला. दुरुस्तीचा इतिहास मात्र कागदावर फारसा उतरलाच नाही. ही उणीव किरकोळ नाही. यंत्र विकत घेणे एका दिवसाचे असते, चालू ठेवणे तीस वर्षांचे.

मराठवाड्यात ही उणीव अधिक जाणवते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात होता. मोटारयंत्रांची संघटित निगा येथे प्रथम आली ती १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सुरू केलेल्या रस्ते वाहतूक विभागामुळे. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा पुढे चिकलठाण्याला झाली. पण बस आगाराची असते, ट्रॅक्टर घराचा. आगारात खड्डा, यारी, पक्की फरशी असते. घरी कडुलिंबाची फांदी किंवा तीन लाकडांची तिवई, तिला टांगलेली चेन पुली आणि खाली काळी माती.

आता ‘अडकणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स तीन ठिकाणी एकमेकांना धरून असतात. पहिले, कवचांच्या कडेचे बोल्ट आणि दोन्ही कवचे अचूक जुळावीत म्हणून बसवलेल्या पिना. दुसरे, गिअरबॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट. त्याच्या अंगावरील खाचा क्लच प्लेटच्या मधल्या भोकातील खाचांत बसतात. तिसरे, त्या शाफ्टचे टोक. ते फ्लायव्हीलच्या मध्यातील लहान बेअरिंगमध्ये टेकलेले असते. यंत्र दोन-तीन पावसाळे उघड्यावर उभे राहिले, की या तिन्ही जागी गंज धरतो.

येथे एक गल्लत सर्रास होते. क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटणे आणि गिअरबॉक्स इंजिनापासून न सुटणे, या दोन निरनिराळ्या व्याधी आहेत. पहिलीत पेडल दाबूनही इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. तरीही शाफ्ट प्लेटच्या खाचांतून सरळ निघू शकतो. म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचे क्लच पेडल दाबून, लाकूड अडकवून ठेवण्याची शिफारस केली जाते. दुसऱ्या व्याधीवर या उपायाचा उपयोग नाही.

न सुटणाऱ्या जोडाचे सर्वांत सामान्य कारण गंजही नसते. राहून गेलेला एखादा बोल्ट असतो. तो चिखल-ग्रीसच्या थराखाली किंवा स्टार्टरच्या आडोशाला दडलेला असतो. म्हणून जाणता मिस्त्री हातोडा उचलण्यापूर्वी सगळी भोके मोजतो. दुसरे कारण वजन. मागचा भाग तसूभर खाली झुकला, तरी त्याचा सारा भार शाफ्टवर येतो, खाचा एकमेकींत आवळतात आणि जितके ओढावे तितके ते घट्ट बसते. अशा वेळी जोर वाढवणे म्हणजे क्लच प्लेट वाकवणे. जॅकने दोन्ही कवचांमधली फट वर-खाली, डावी-उजवी सारखी होईपर्यंत उंची साधावी लागते. काढलेल्या दोन बोल्टांच्या जागी लांब बोल्ट सैल लावले, की तेच वाटाडे होतात. पिनांपाशी रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर थांबणे, मग लाकडी ठोकळा मध्ये धरून चहूबाजूंनी हलके ठोके, ही चिवट पण हमखास रीत. घाई झालेला माणूस एकाच जागी छिन्नी घुसवून पहार लावतो. बीड ताणाला कच्चे. कान तुटतो, आणि बिडाचे वेल्डिंग कोणत्याही भट्टीवर होत नाही.

खरा धोका याहून मोठा आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो, बांधावरून जाताना चाके वर-खाली व्हावीत म्हणून. मागचा आधार सुटताच इंजिनाचा भाग त्या खिळीवर कुशीला कलंडू शकतो. आस आणि इंजिनाच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याविना बोल्ट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यातच काळी माती. पावसाने फुगलेल्या जमिनीवर जॅक सरळ आत जातो. खाली जाड फळ्या, भाग तोलून धरायला लोखंडी घोडी आणि मागच्या चाकांना दगड लागतात. हे सारे हाताशी नसेल, तर तालुक्याची वाट धरणे शहाणपणाचे.

बलुतेदारीत गावाचा लोहार फाळ शेवटायचा, सुतार औत जोडायचा. यंत्र मोडले तर दुरुस्ती गावातच व्हायची. ट्रॅक्टराने ही साखळी तोडली, असे मानण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा वाटतो. पाचर, तिवई, पहार, घोडी ही हत्यारे आणि वजन तोलण्याची जाण सुताराच्या आणि विहीर खोदणाऱ्याच्या हातातून आलेली आहे. बदलले ते इतकेच, की सुटा भाग आता गावात घडत नाही.

आणि भाग सुटल्यावर काम निम्मेच झालेले असते. नवी प्लेट बसवताना तिचे मधले भोक बेअरिंगच्या बरोबर समोर धरावे लागते. हल्ली त्यासाठी खास दांडा मिळतो, पूर्वी जुन्या गिअरबॉक्सचा भंगारातला शाफ्टच वापरला जाई. मग एक माणूस मागचा भाग इंच-इंच पुढे ढकलतो आणि दुसरा फ्लायव्हील हळूहळू फिरवत राहतो. खाचांशी खाच जुळली, की शेवटचा बोटभर अंतराचा भाग आपोआप आत सरकतो. तसा तो सरकला नाही, तर बोल्ट आवळून ओढून घ्यायचा नसतो. पुन्हा मागे घेऊन प्लेट तपासायची असते.