‘पंच’ पेयाचें कुळ

फळांचा रस, साखर व मद्य यांचें ‘पंच’ नांवाचें मिश्रण पाश्चात्य घरांतून आजहि केलें जातें. हें नांव आमच्या ‘पांच’ शब्दावरून पडलें असें आम्ही मोठ्या कौतुकानें सांगतों. समज जुना आहे. १६७३ मध्यें मुंबईस आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानें आपल्या १६९८ च्या प्रवासग्रंथांत, गोव्यांतील नेरूळचें मद्य वाखाणून, पांच जिनसांमुळें हें नांव पडल्याचें लिहिलें आहे.

परंतु साक्षी तपासूं लागलें म्हणजे हें मत डळमळतें. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या पत्रांत हा शब्द १६३२ सालींच येतो; आणि १६३८ मध्यें सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चारच जिन्नस सांगतो. शिवाय त्या काळीं इंग्रजांचा उच्चार ‘पुंच’ असा होता. म्हणून कित्येक विद्वान् ह्या शब्दाचें मूळ ‘पंचन’ नामक पिंपांत शोधतात. पुढें हें पेय वेस्ट इंडीजमध्यें रुजलें, तेव्हां बार्बाडोसकरांनीं एक भाग आंबट, दोन गोड, तीन रम व चार पातळ असें प्रमाण बांधलें. जायफळ काय तें वरून भुरभुरवावयाचें.

तेव्हां ही व्युत्पत्ति संभवनीय म्हणावी, सिद्ध म्हणूं नये. शब्दाचा अभिमान सोडल्यानें आमचें कांहींच जात नाहीं. त्या पेल्यांतील माड, ऊस आणि लिंबू ह्याच भूमीचे होते, आणि त्याला पुरावा आहे.