व्हॉल्व्ह बदलायचा, पण कोणता?

माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, धूळ पुसली आणि बटण दाबले. आतल्या काचेच्या नळ्या लालसर उजळल्या, पण आवाज काही येईना. ‘व्हॉल्व्ह गेलाय,’ दुरुस्ती करणारा म्हणाला. जुन्या मालाच्या ढिगातून त्याच आकाराचा, नऊ पिनांचा व्हॉल्व्ह मिळाला. तो खोबणीत अगदी चपखल बसला. मग तो चालायला हवा ना?

तसे मुळीच नाही. खोबणीत बसणे वेगळे आणि त्या जागी चालणे वेगळे. हा फरक ओळखण्याची किल्ली व्हॉल्व्हच्या काचेवरच छापलेली असते. ती कशी वाचायची, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी निर्वात नळीत एक तापणारी तार आणि एक धातूची पट्टी बसवली. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि पट्टी धनभारित असेल तर तिच्याकडे जातात. उलट दिशेने प्रवाह वाहत नाही. पाण्याच्या नळातली झडप पाणी एकाच दिशेने जाऊ देते, तसेच हे. म्हणून इंग्रजांनी तिला ‘व्हॉल्व्ह’ म्हटले. अमेरिकनांनी तिला ‘ट्यूब’ म्हणणे पसंत केले. आपल्याकडे रेडिओ आला तो इंग्रजांच्या काळात, त्यामुळे आपल्या तोंडी व्हॉल्व्ह हाच शब्द बसला.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्यामध्ये तिसरा भाग घातला, तो म्हणजे जाळी. जाळीवरच्या विद्युत्‌दाबात किंचित बदल केला की पट्टीकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. क्षीण संदेश मोठा करण्याचे साधन असे हाती आले. गंमत म्हणजे नळीत थोडा वायू असणे आवश्यक आहे, अशी खुद्द डी फॉरेस्ट यांची समजूत होती. १९१२-१३ च्या सुमारास अर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरल्ड अर्नोल्ड यांनी आपापल्या प्रयोगशाळांत दाखवून दिले, की निर्वात जितका चांगला तितकी नळी अधिक भरवशाची.

त्यानंतर कारखाने वाढले आणि गोंधळही वाढला. जो तो कारखाना आपल्या व्हॉल्व्हला मनाला येईल ते नाव देई. नावावरून आतली रचना कळत नसे आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या जागी चालेल का, हेही समजत नसे. अखेर १९३४ पासून फिलिप्स आणि टेलिफुंकेन या युरोपातल्या बड्या कंपन्यांनी एक समान नामपद्धती वापरायला सुरुवात केली. बाजारातले प्रतिस्पर्धी एका भाषेत बोलू लागले.

ही भाषा सोपी आहे. ‘ईसीएल ८२’ हे नाव घ्या. रेकॉर्ड प्लेअरमध्ये हा व्हॉल्व्ह पुष्कळदा आढळतो. पहिले अक्षर तापतारेविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे आतल्या रचनेची असतात. ‘सी’ म्हणजे तीन ध्रुवांचा भाग, म्हणजे ट्रायोड, आणि ‘एल’ म्हणजे लाऊडस्पीकर चालवणारा पाच ध्रुवांचा शक्तिशाली भाग, म्हणजे पेंटोड. एकाच काचेत दोघांचा संसार! आकड्यातला ८ हा नऊ पिनांची छोटी बैठक दाखवतो.

६.३ हा विचित्र आकडा आला कुठून? शिसे-आम्ल बॅटरीचा एक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. त्या काळच्या मोटारीत असे तीन घट असत. तीन गुणिले २.१ बरोबर ६.३. मोटारीतल्या रेडिओची सोय पुढे घरातल्या उपकरणांतही कायम झाली.

आता ईसीएल ८२ ची दोन भावंडे पाहू : पीसीएल ८२ आणि यूसीएल ८२. तिघांची आतली रचना तीच आणि पिनांचा क्रमही तोच. फरक फक्त तापतारेत आहे. ‘ई’ला ६.३ व्होल्ट आणि ०.७८ अँपिअर लागतात, ‘पी’ला १६ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर, तर ‘यू’ला ५० व्होल्ट आणि ०.१ अँपिअर. प्रत्येकाचा गुणाकार करून पाहा. तिन्ही वेळा उत्तर पाच वॅटच्या आसपास येते. कॅथोड तापवायला लागणारी ऊर्जा तीच, ती पुरवण्याची रीत मात्र निराळी.

असे का केले? ‘ई’ जातीच्या तापतारा ट्रान्सफॉर्मरवर समांतर जोडतात. त्या सर्वांना दाब सारखा लागतो. ‘पी’ आणि ‘यू’ जातीच्या तापतारा मात्र एकसर जोडतात. त्यांना प्रवाह सारखा लागतो. या रीतीत महाग ट्रान्सफॉर्मर वाचतो आणि डीसी विजेवरही रेडिओ चालवता येतो. युरोपातल्या कित्येक शहरांत तेव्हा डीसी वीज होती. ‘पी’ जात मुख्यतः टेलिव्हिजनसाठी वापरली गेली.

म्हणजे सुरुवातीच्या गोष्टीतला नवा व्हॉल्व्ह पीसीएल ८२ निघाला असेल, तर त्याच्या १६ व्होल्टच्या तारेला ६.३ व्होल्टच मिळाले. कॅथोड पुरेसा तापला नाही आणि आवाजही आला नाही. इथे निदान नुकसान तरी झाले नाही. पण एकसर साखळीत यूसीएल ८२ च्या जागी ईसीएल ८२ बसवला, तर साखळीचा रोध सुमारे ४९० ओहमने कमी होतो. मग बाकीच्या तापतारांतून नेमून दिल्यापेक्षा बराच जास्त प्रवाह जातो. एक व्हॉल्व्ह बदलताना बाकीचे चांगले व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते.

दुसरा फसवा प्रकार ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ यांचा. दोन्हींत दोन ट्रायोड, तापतार तीच, पिना त्याच. पण पहिल्याचा विवर्धनांक सुमारे १००, तर दुसऱ्याचा सुमारे १७. एकाच्या जागी दुसरा जळणार नाही, पण आवाज पार खाली जाईल किंवा बिघडेल. तेव्हा अक्षरांबरोबर शेवटचा आकडाही जुळला पाहिजे. अमेरिकन नाव वेगळे असले तरी चालते : ईसीसी ८३ म्हणजेच १२एएक्स७ आणि ईएल ८४ म्हणजेच ६बीक्यू५.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९६१ मध्ये रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. तोवर ट्रान्झिस्टरचा शोध लागून चौदा वर्षे झाली होती. पुढे व्हॉल्व्हचे कारखाने एकामागून एक बंद पडले. तरी गिटारवादक आणि जुन्या ध्वनियंत्रांचे शौकीन यांच्यामुळे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत थोडे उत्पादन टिकले. मार्च २०२२ मध्ये रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा टंचाईच्या भीतीने जगभर व्हॉल्व्हची मागणी उसळली. जुनी प्रतिष्ठित नावे आता दुसरेच कारखाने वापरतात. तेव्हा काचेवरच्या कंपनीच्या नावापेक्षा तिथला संकेतांक अधिक विश्वासाचा.

व्हॉल्व्ह खरोखर गेला आहे का, याची एक खूण वर्गातही दाखवता येईल. काचेच्या आत एक चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर उरलासुरला वायू शोषून घेतो. डाग दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली असे समजा. मात्र डाग चंदेरी आणि तार लाल असली, तरी व्हॉल्व्ह चांगला असेलच असे नाही. कॅथोडवरचा ऑक्साइडचा लेप झिजला की इलेक्ट्रॉन कमी पडतात.

एक इशारा. या यंत्रांत २५० व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचाचा तर सांगाडाच जिवंत असू शकतो. ते उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे. विद्यार्थ्यांना सुटा, निकामी व्हॉल्व्ह हातात द्यावा आणि विचारावे : या नावातून तुम्हांला काय काय कळले?