हेडलाइटचा उजेड कमी पडतोय? नवा बल्ब घेण्याआधी काय तपासायचं

गळीत हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी-करमाळा काय किंवा कुर्डुवाडी-बार्शी काय, संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या वाढतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, असला तरी चिखलाने झाकलेला. त्यामुळे या दिवसांत स्पेअर पार्टच्या दुकानात ‘जरा जास्त उजेडाचा बल्ब द्या’ ही मागणी नेहमीची. दुकानदार चार-पाच खोकी पुढे ठेवतो. कोणावर १०० वॅट, कोणावर दीडशे टक्के जास्त उजेड, कोणावर ६००० केल्विन. यातलं नेमकं कामाचं काय, हे खोक्यावरून कळत नाही.

अल्टो, वॅगनआर यांसारख्या हॅलोजनवाल्या अनेक गाड्यांना एच ४ बल्ब लागतो. त्यात दोन तारा असतात. अप्पर ६० वॅट, डिपर ५५ वॅट. एच ४ च्या मानकाप्रमाणे अप्परला साधारण १६५० लुमेन आणि डिपरला १००० लुमेन उजेड मिळायला हवा. काही गाड्यांत डिपर आणि अप्परचे बल्ब वेगवेगळे असतात, तिथे एच ७ किंवा एच ११ येतो. आपल्या गाडीला कोणता, ते मॅन्युअलमध्ये आणि जुन्या बल्बच्या बुडाशी लिहिलेलं असतं. मोटारसायकलचा एचएस १ दिसायला एच ४ सारखाच असतो, पण तो ३५ वॅटचा. घाईत तो उचलून आणणारेही आहेत.

आधी काच, मग वायरिंग

सात-आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची हेडलाइटची काच (खरं तर ते प्लास्टिकच असतं) पिवळी पडते. उजेड आतच पसरतो, रस्त्यावर कमी येतो. अशा काचेमागे कितीही भारी बल्ब लावला तरी फरक थोडाच पडणार. बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासणे, मग पॉलिश आणि वरून उन्हापासून वाचवणारा कोट, असं काम डेंटिंग-पेंटिंगवाले करून देतात. टूथपेस्टने घासलं तर काच तात्पुरती चमकते, पण वरचा कोट गेलेला असल्यामुळे ती पुन्हा पिवळी पडते.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि बहुतेकांचा खरा प्रश्न इथेच सापडतो. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के जातो. जुन्या गाडीत स्विचचे पॉइंट काळे पडलेले, अर्थिंगला गंज, वायर बारीक. बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.८ ते १४.२ व्होल्ट दिसतात आणि बल्बच्या होल्डरपाशी बारा. इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतोच. लाइट चालू ठेवून दोन्हीकडे मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पैसे बल्बवर घालण्याआधी अर्थिंग साफ करून घ्या आणि रिलेचं वायरिंग टाका. रिलेमुळे बल्बला करंट थेट बॅटरीकडून मिळतो, स्विचवर भार येत नाही. कित्येक गाड्यांत एवढ्यावरच कंपनीचा ५५ वॅटचा डिपर ‘नवा बल्ब टाकला काय?’ असं विचारण्याइतका सुधारतो.

१०० वॅटचं काय?

बाजारात १००/९० वॅटचे एच ४ सर्रास मिळतात आणि स्वस्तही असतात. हिशेब असा : ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर खेचतात, १०० वॅटचे दोन सुमारे १७. कंपनीची वायर आणि स्विच एवढ्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, आतल्या आरशाचा मुलामा करपतो, आणि मुलामा गेला की साध्या बल्बचाही उजेड परत मिळत नाही, अख्खा हेडलाइट बदलावा लागतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं हा तर आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार. शिवाय एच ४ ची मान्यता ६०/५५ वॅटची आहे, १०० वॅटचा बल्ब त्यात बसत नाही.

‘शंभर टक्के, दीडशे टक्के जास्त उजेड’ असं लिहिलेले नामांकित कंपन्यांचे हॅलोजन बल्ब खोटे नसतात, पण त्या आकड्याचा अर्थ वेगळा असतो. एकूण उजेड दुप्पट होत नाही. तार जास्त नेमकी आणि आखूड बसवलेली असते, म्हणून रस्त्यावरच्या ठरावीक भागात उजेड एकवटतो. वॅट तेवढेच, वायरिंगला धोका नाही. किंमत मात्र जास्त आणि आयुष्य कमी, कारण तार जास्त तापते. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याला ते सारखे बदलावे लागतील. तरीही गाडीत काहीही न कापता सुधारणा हवी असेल तर हाच पर्याय बरा.

निळसर-पांढऱ्या हॅलोजनकडे फार आकर्षित होऊ नये. साध्या हॅलोजनचा रंग ३२०० केल्विनच्या आसपास, थोडा पिवळा. काचेला निळा लेप देऊन तो ५००० केल्विनपर्यंत पांढरा दिसतो, पण लेप उजेडाचा काही भाग अडवतो. डोळ्याला झगझगीत आणि रस्त्यावर कमी, असा तो सौदा. ओल्या डांबरी रस्त्यावर हे लगेच जाणवतं.

एलईडी : बसतो, पण फोकस बिघडतो

हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी सध्या सगळ्यात जास्त खपतात. अडचण उजेडाची नाही, जागेची आहे. हेडलाइटचा आरसा एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच ४ मध्ये डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते, तीच उजेड वर जाऊ देत नाही. एलईडीच्या चिप त्या जागी मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्या तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारा मोटारसायकलवाला दोन-चार सेकंद आंधळा होतो आणि साइडपट्टीवरून खाली उतरतो. जर्मनीत २०२० पासून असे काही बल्ब कायदेशीर झाले, पण तेही तपासून यादीत घातलेल्या ठरावीक गाड्यांपुरतेच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं आहे. वायर कापल्यावर वॉरंटीचाही वाद उभा राहतो.

कोणताही बल्ब लावल्यावर फोकस तपासायलाच हवा. सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर असताना गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. डिपर लावला की उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे, आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली असावी. कड स्पष्ट न दिसता नुसता धुरकट गोळा दिसत असेल तर तो बल्ब काढून परत द्या. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत पोती असली की गाडीचं नाक वर होतं. त्यासाठीच डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असं बटण असतं. आकडा वाढवला की फोकस खाली येतो. हे बटण अनेकांनी गाडी घेतल्यापासून फिरवलेलंच नसतं.

डिपरमध्ये अंधारातली ट्रॉली पन्नास-साठ मीटरवर दिसते, बल्ब कोणताही असो, कारण कड तिथेच संपते. ताशी ८० च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावायचं सुचेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत सुमारे सत्तर मीटर जातात. ६० च्या वेगाला पंचेचाळीस.

बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तापून काच तिथेच फुटते, चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजूचे एकदम बदला, आणि जुन्यातला चांगला निघालेला कागदात गुंडाळून डिकीत ठेवा.