उजनीची होडी आणि वजनाचं गणित

सोलापूरकराला उजनी म्हटलं की टीएमसी आठवतात. धरण किती टक्के भरलं, नळाला पाणी किती दिवसांनी येणार, वगैरे. पण या पाण्यावर होड्याही चालतात, आणि त्यांचा इतिहास म्हणजे वजन आणि ताकद यांची ओढाताण आहे. या वीकेंडला तोच विषय.

धरणाआधी भीमा ओलांडायला इंजिन लागत नव्हतं. दख्खनच्या नद्यांवर पूर्वी टोपलीसारख्या गोल, कातडं मढवलेल्या नावा असत. १८०३ साली आर्थर वेलस्लीने (हाच पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन झाला) आपल्या फौजेसाठी तशा नावा बनवून घेतल्या होत्या. बूड रुंद, त्यामुळे भार भरपूर पेलायचा. वेगाचं मात्र नाव नको! पंढरपुरात चंद्रभागेवर होडी चालायची ती बांबू तळाला रेटून. इथे ताकद माणसाच्या दंडाची. दोन माणसं जास्त बसली की नावाड्याला ते लगेच हाताला कळायचं.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या मधली नदी गेली आणि तिथे अफाट पाणी पसरलं. कुगावहून कळाशीला रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, म्हणून लोक होडीने जाऊ लागले. एवढं अंतर बांबूने कसं कापणार? इंजिन आलंच.

होडीच्या मागे अडकवायचं इंजिन जगात लोकप्रिय केलं ओली एव्हिनरूडने, १९०९ मध्ये. ते होतं फक्त दीड एचपीचं. हसू नका, साध्या होडीला तेवढं बरंच पुरतं. कारण विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकातच दाखवलं होतं, की होडी चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की लाट लांबते, आणि ती होडीइतकी लांब झाली की होडी तिच्या खळग्यात अडकते. २० फुटी होडीसाठी ही मर्यादा ताशी साधारण ११ किलोमीटर. पुढे जायचं तर होडीने पाण्यावर उचलून घसरत जायला हवं. ते हलक्या, सपाट बुडाच्या होडीला जमतं. भरलेली होडी नुसतं नाक वर करते, मागची बाजू दबते आणि डिझेल जळतं.

आता दुसरं गणित. अशा ५ फूट रुंद होडीचा पाण्याला टेकलेला आडवा छेद साधारण साडेसहा चौरस मीटर धरा. म्हणजे दर ६५ किलोला होडी एक सेंटीमीटर खाली जाते. एक माणूस, एक सेंटीमीटर! मोटारसायकल चढवली की आणखी दोन. इंजिनाचं स्वतःचं वजन वेगळंच, आणि तेही सगळं मागच्या टोकाला. बांबू जे हाताला सांगायचा, ते इंजिन सांगत नाही. ते आवाज करत ओढत राहतं.

आणि लाटा? अरुंद नदीत वाऱ्याला लाट वाढवायला जागाच नसते. उजनीवर ती किलोमीटरांनी मिळते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत ७ जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले, बाकी ६ जण गेले. त्यात लहान मुलंही होती. सातच माणसं! वाऱ्यापुढे होडीची ताकद एचपीत मोजून चालत नाही. काठ पाण्याच्या किती वर आहे आणि वजन कुठे बसलंय, यावर बरंच ठरतं.

ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने जास्त भरलेल्या जहाजांविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणं कायद्याने सक्तीचं झालं. रेषा बुडाली की माल उतरवा, विषय संपला. खर्च म्हणाल तर एक ब्रश आणि थोडा रंग.

आपल्यापैकी बरेच जण हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला भिगवणला जातात. तेही उजनीचंच पाणी. होडीत बसल्यावर इंजिन किती एचपीचं हे जरूर विचारा, पण त्याआधी लाईफ जॅकेट मागा, आणि सगळे बसले की काठाबाहेर हात घालून बघा. काठ आणि पाणी यांच्यात वीतभरही अंतर नसेल, तर सरळ उतरा. फ्लेमिंगो पुढच्या फेरीतही दिसतील.