पुराच्या पाण्यात भिजलेला फोन, हार्ड डिस्क: आतले फोटो परत मिळू शकतात का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, माढा, मोहोळसह अनेक तालुक्यांतली गावं वेढली. घरात चिखल शिरला तेव्हा धान्य, कपडे, चारा यांच्यासोबत मोबाइल, पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉपही भिजले. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, दुकानाचा हिशेब, पंचनाम्यासाठी काढलेले पिकांचे फोटो असं बरंच काही आता याच वस्तूंमध्ये असतं.

उपकरण बंद पडलं म्हणजे आतली माहिती गेलीच, असं नाही. पण ती परत मिळणार की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या काही तासांत आपण काय करतो यावर ठरतं.

पाण्याने नेमकं काय बिघडतं?

मेमरी चिपवरची माहिती पाण्याने पुसली जात नाही. खरा घात होतो तो वीज आणि पाणी एकत्र आल्यावर. ओल्या सर्किटमधून करंट गेला की भाग जळतात आणि गंजही लवकर चढतो. म्हणूनच 'चालू होतोय का बघू' म्हणत बटण दाबणं किंवा चार्जर लावणं सगळ्यात महागात पडतं.

फोन चालू असेल तर लगेच बंद करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं अॅपलनेही सांगितलं आहे. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

हार्ड डिस्कचा नियम वेगळा का?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि माहिती वाचणारं हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर असतं. चिखलाचा एक कणही तबकडीवर ओरखडा पाडू शकतो. भिजलेली डिस्क वाळली की चिखल आणि क्षार तबकडीला चिकटून बसतात. त्यामुळे ती वाळवू नका, उघडू नका, कम्प्युटरला जोडू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर अवस्थेतच बंद करून तज्ज्ञांकडे द्या.

आशा किती ठेवावी, याचं एक टोकाचं उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान कोसळलं. त्याच्या अवशेषांत जळून काळी पडलेली एक हार्ड डिस्क सापडली. तबकड्या शाबूत असल्याने तिच्यातली जवळपास ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळवली आणि त्या वैज्ञानिक प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाले.

चुकून डिलीट झालं असेल तर?

फाइल डिलीट केली की हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्डवरून ती लगेच पुसली जात नाही. फक्त 'ही जागा रिकामी आहे' अशी नोंद होते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की जुनी फाइल कायमची जाते. म्हणून त्या कार्डवर नवे फोटो काढणं थांबवा. 'फॉरमॅट करा' असा मेसेज आला तरी फॉरमॅट करू नका. फोटोरेक किंवा रेकुवा यांसारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मात्र सापडलेल्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा.

एसएसडीमध्ये 'ट्रिम' ही सोय डिलीट झालेली जागा आपोआप साफ करते, त्यामुळे तिथे आशा कमी असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तर आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. आधी तिथे बघा.

मोबाइलची चिप काढून माहिती मिळते का?

आजच्या बहुतेक फोनमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते. तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. त्यामुळे नुसती चिप काढून उपयोग होत नाही, मदरबोर्ड तात्पुरता तरी चालू करावा लागतो. दुकानदाराला 'फोन दुरुस्त करा' असं न सांगता 'आतली माहिती हवी आहे' असं स्पष्ट सांगा. नाहीतर बोर्डच बदलला जाईल आणि फोन चालू होऊनही फोटो जातील.

हार्ड डिस्क उघडायची असेल तर धूळमुक्त 'क्लीन रूम' लागते. अशी सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या शाखा पुणे-मुंबईत आहेत. काम देण्याआधी तपासणीचा खर्च, माहिती न मिळाल्यास द्यावे लागणारे पैसे आणि खासगी फोटोंच्या गोपनीयतेची हमी लेखी घ्या.

कागदपत्रांचं काय?

सगळंच खर्चिक मार्गाने मिळवायची गरज नाही. आधार, वाहन परवाना आणि अनेक मार्कशीट डिजीलॉकरवर मिळतात, तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर मिळतो. खर्च करायचा तर तो पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींसाठी करा.

पुढच्या पावसाळ्याआधी महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती करा: एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे. दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील, तर पाणी दोन्हींपर्यंत एकाच वेळी पोहोचतं.