गाणं तिचं, नाव त्याचं

गटाच्या बैठकीत आपण हिशेब बोलतो. आज एका इंग्रजी गाण्याचा हिशेब सांगते. गाण्याचं नाव 'हाउंड डॉग', म्हणजे शिकारी कुत्रा. हे गाणं म्हटलं की लोकांना एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. पण त्याच्या चार वर्षं आधी ते एका बाईने गायलं होतं.

तिचं नाव विली मे थॉर्नटन. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात 1926 साली जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. लहानपणीच आई गेली, शाळा सुटली. ढोल आणि माउथ ऑर्गन ती ऐकून ऐकूनच शिकली. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत. म्हणून लोक तिला 'बिग ममा' म्हणत.

ऑगस्ट 1952 मध्ये लॉस एंजेलिसला तिने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. लिहिणारे होते जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघेही अवघे एकोणीस वर्षांचे गोरे मुलगे. त्यांनी ते तिच्यासाठीच रचलं होतं. त्यातला कुत्रा म्हणजे खरा कुत्रा नव्हेच. बाईच्या कमाईवर जगणारा, बाहेर तोंड मारून पुन्हा तिच्याच दारात येणारा ऐतखाऊ पुरुष, तो हा कुत्रा. बाई त्याला ठणकावते : आता माझं दार बंद! 1953 मध्ये हे गाणं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत कित्येक आठवडे पहिलं होतं.

पुढे लास वेगासच्या एका वाद्यवृंदाने त्यातले शब्द बदलले. ते ऐकून एल्व्हिसने 1956 मध्ये गाणं गायलं आणि ते जगभर गाजलं. पण बाईचा राग त्यातून गेला. उरली ती कुत्र्याची टिंगल.

आणि पैसा? थॉर्नटन सांगायची, मला एकदाच 500 डॉलरचा चेक मिळाला, पुढे काही नाही. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला नाही. गाणाऱ्याच्या हाती करारात असेल तेवढंच. 1984 मध्ये ती वारली. अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने तिचा मान केला तो 2024 मध्ये, चाळीस वर्षांनी.

मान मिळाला, चांगलंच झालं. पण त्याने तिचं घरभाडं भरलं गेलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही मसाला कुटते एक आणि बिलावर नाव असतं नवऱ्याचं, नाहीतर दिराचं. मी विचारलं की म्हणतात, "घरचंच आहे ना, ताई!" घरचं आहे, मान्य. पण नाव लिहायला शाई तेवढीच लागते. पुढच्या बैठकीला येताना पासबुक आणि बिलबुक घेऊन या. कुणाचं नाव आहे, ते मिळून वाचू.