खुडूक कोंबडी

अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात ठाण मांडून बसलेल्या कोंबडीला खुडूक कोंबडी असे म्हणतात. कोंबडी या अवस्थेत जाणे म्हणजे खुडूक होणे किंवा खुडूक बसणे. हा आजार नसून प्रजननाच्या नैसर्गिक चक्राचा एक टप्पा आहे. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत अंडी यंत्राने उबवली जातात. परसातील चार-सहा कोंबड्यांच्या खुराड्यात मात्र कोंबडी खुडूक झाली की पाळणाऱ्याला दोहोंपैकी एक मार्ग निवडावा लागतो : तिला अंडी देऊन बसवणे, किंवा तिचा खुडूकपणा मोडणे. हा निर्णय लांबणीवर पडल्यास अंडी मिळत नाहीत, पिलेही मिळत नाहीत आणि रिकाम्या घरट्यात बसून कोंबडी खंगत जाते.

शब्दप्रयोग

खुडूक हे विशेषण मराठीत प्रामुख्याने कोंबडीसाठी वापरले जाते. घरात एकाच जागी बसून राहणाऱ्या माणसालाही बोलीभाषेत थट्टेने खुडूक कोंबडीची उपमा दिली जाते. अंडी उबवण्यास बसणे या अर्थी काही भागांत ‘रवणावर बसणे’ असाही शब्दप्रयोग आढळतो.

लक्षणे

खुडूक कोंबडी दिवसरात्र घरट्यात बसून राहते. जवळ गेल्यास ती पिसे फुलवते, विशिष्ट घोगरा आवाज काढते आणि हात पुढे केल्यास टोचते. दिवसातून एखाद्या वेळी थोडा वेळ उठून ती दाणा-पाणी घेते व मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून पुन्हा घरट्यात परतते. तिच्या पोटाखालची पिसे झडतात किंवा ती स्वतःच उपटते. त्यामुळे उघड्या झालेल्या त्वचेची ऊब अंड्यांना थेट मिळते. घरट्यात अंडी नसली तरी ती बसून राहू शकते.

आजारी कोंबडीही एका जागी बसून राहते, परंतु ती मलूल असते, डोळे मिटते व प्रतिकार करत नाही. खुडूक कोंबडी सावध व आक्रमक असते. हा फरक पाहूनच पुढील उपाय करावा.

कारणे

कोंबडी साधारणपणे रोज किंवा एक दिवसाआड एक अंडे घालते. पुरेशी अंडी जमेपर्यंत ती सलग उबवत नाही, त्यामुळे पहिले व शेवटचे अंडे जवळजवळ एकाच वेळी फुटते. खुडूक होण्याच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते, अंडाशय आक्रसते आणि अंडी घालणे बंद पडते. वाढता दिवस, उबदार हवा, अंधारी निवांत जागा व साठलेली अंडी या गोष्टी या प्रवृत्तीला पोषक ठरतात.

ही प्रवृत्ती आनुवंशिक आहे. गावरान कोंबड्यांत तसेच असील, कोचीन व सिल्की या जातींत ती ठळकपणे दिसते. अधिक अंड्यांसाठी पिढ्यानपिढ्या निवड केलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींत ती जवळजवळ लोपली आहे.

निर्णय घेताना

गावरान कोंबडी साधारणतः १२ ते १५ अंडी घालून खुडूक होते. उबवणुकीचे २१ दिवस आणि पिलांच्या संगोपनाचे सहा ते आठ आठवडे मिळून सुमारे दोन-अडीच महिने तिच्याकडून अंडी मिळत नाहीत. घराला अंड्यांची गरज असेल, कोंबडा नसल्यामुळे अंडी फलित नसतील, कोंबडी अशक्त असेल किंवा कडक उन्हाळा असेल, तर खुडूकपणा मोडणे इष्ट ठरते. पिले हवी असतील, कोंबडी सुदृढ असेल आणि सुरक्षित जागा असेल, तर तिला बसवावे. घरी कोंबडा नसल्यास फलित अंडी इतर ठिकाणाहून आणता येतात.

अंड्यांवर बसवणे

अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली आणि शक्यतो सात दिवसांच्या आतली निवडावीत. ती धुऊ नयेत व फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत. गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरतात. सर्व अंडी तिच्या अंगाखाली पूर्ण झाकली जाणे आवश्यक आहे. ती एकाच दिवशी ठेवावीत व त्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे इतर कोंबड्यांनी नंतर घातलेली अंडी ओळखून काढता येतात.

कोंबडीला शक्यतो वेगळ्या, शांत व सावलीच्या जागी बसवावे आणि तेथे रात्री हलवावे. टोपल्यात किंवा खोक्यात मातीचा थर देऊन त्यावर पेंढा खोलगट पसरावा. उंदीर, साप, मुंगूस व मांजर यांच्यापासून संरक्षण हवे. ज्वारी किंवा मक्याचे दाणे व पाणी जवळ ठेवावे. कोंबडी दिवसभर उठलीच नाही, तर पंखाखाली अंडे अडकले नाही ना हे पाहून तिला हलकेच उचलून बाहेर ठेवावे. १५ ते २० मिनिटे ती दूर राहिल्याने सहसा अपाय होत नाही. बसून राहिलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा व गोचीड वाढतात, म्हणून माती व राख यांत लोळण्याची सोय ठेवावी.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडासमोर अंडे धरून पाहतात. गर्भ वाढत असल्यास तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. वांझ अंडे पारदर्शक दिसते, ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंडी हाताळू नयेत. साधारण एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. कोंबडीखाली बदकाची अंडीही उबवतात, त्यांना सुमारे २८ दिवस लागतात.

पिलांची काळजी

अंड्यातील बलकाचा उरलेला अंश पिलाच्या पोटात असल्याने पहिले एक-दोन दिवस त्याला खाद्य मिळाले नाही तरी चालते. म्हणून उरलेली अंडी फुटेपर्यंत कोंबडीला घाईने उठवू नये. त्यानंतर उथळ भांड्यात पाणी आणि बारीक कण्या द्याव्यात. केवळ कण्यांवर वाढ नीट होत नाही, त्यामुळे पिलांसाठीचे तयार खाद्य किंवा प्रथिनयुक्त पूरक आहार द्यावा. पहिल्या काही आठवड्यांत घार, कावळा, मांजर व मुंगूस यांमुळे बरीच पिले दगावतात. या काळात माय-पिलांना जाळीच्या पिंजऱ्यात किंवा डालग्याखाली ठेवणे उपयुक्त ठरते. मानमोडी म्हणजेच राणीखेत या रोगावरील लसीकरण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावे.

खुडूकपणा मोडणे

खुडूकपणा सुरू होताच उपाय केल्यास तो लवकर मोडतो. रोज अंडी गोळा करावीत व घरट्यात जाण्याची वाट बंद करावी. तेवढ्याने न भागल्यास कोंबडीला तळाशी जाळी असलेल्या, जमिनीपासून थोड्या उंच पिंजऱ्यात ठेवावे. त्यात पेंढा घालू नये. खालून खेळती हवा लागल्याने पोटाकडचा भाग उबदार राहत नाही आणि बसण्याची ओढ ओसरते. पिंजरा उजेडात पण सावलीत ठेवावा. पुरेसे खाद्य व पाणी सतत द्यावे. बहुधा तीन ते पाच दिवसांत फरक पडतो. बाहेर सोडल्यावर ती इतरांबरोबर उकरू लागली, तर खुडूकपणा मोडला असे समजावे. पुन्हा घरट्याकडे धावल्यास आणखी एक-दोन दिवस पिंजऱ्यात ठेवावे. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते.

अनिष्ट रूढ उपाय

नाकपुडीत पीस खोवणे, पाण्यात बुचकळणे, पाय बांधून टांगणे, उपाशी ठेवणे असे उपाय ग्रामीण भागात केले जातात. नाकात पीस खोवल्याने जखम व संसर्ग होऊ शकतो. थंडीत भिजवल्यास कोंबडी गारठते. आधीच कमी खाल्लेल्या कोंबडीला उपाशी ठेवल्यास ती अधिक अशक्त होते आणि अंडी घालणे आणखी लांबते. प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

सुधारित जाती आणि खुडूक कोंबडी

गिरिराज, वनराजा यांसारख्या परसातील पालनासाठी विकसित केलेल्या जाती गावरान कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात, पण त्यांच्यात खुडूक होण्याची प्रवृत्ती अल्प असते. त्यामुळे यंत्राची सोय नसलेल्या घरात अशा जातींची फलित अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली उबवता येतात. दोन-तीन आठवडे बसलेल्या खुडूक कोंबडीच्या अंगाखाली रात्रीच्या वेळी एक दिवसाची विकतची पिले सोडल्यास ती त्यांचाही बहुधा स्वीकार करते. सकाळी ती पिलांना टोचत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. तिने पिले न स्वीकारल्यास त्यांच्यासाठी कृत्रिम उबेची सोय आधीच तयार असावी.